धावेवरचं कुंकू

"एकनाथ, हे तू केलंस?" चाकाकडे बोट दाखवत डोरथीने इंग्रजीत विचारलं. ती पहारेकऱ्यांची प्रमुख.

चाक होतं युरोपातल्या कुठल्याशा राणीच्या बग्गीचं. पंच्याऐंशी साली दिवाळीपर्यंत ती बग्गी शिकागोच्या म्युझियममध्ये पाहुणी आली होती, आणि तिच्या राखणीला उभे होते आपले एकनाथराव, बडोद्याचे. वडील संस्थानात कोचमन. सगळं लहानपण बग्गीखान्यात, घोड्यांच्या वासात गेलेलं. मुलामागोमाग अमेरिकेत आल्यापासून मुका झालेला हा माणूस, बग्गी आली त्या दिवसापासून जेवताना बोलायला लागला. सूनबाई विनीता तर म्हणायची, "बाबा, आता त्या राणीलाच डिनरला बोलवा!"

आणि आज खंडेनवमी. एवढी देखणी गाडी बिनपूजेची ठेवायची? डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानातून आणलेल्या पुडीतलं चिमूटभर कुंकू त्यांनी लावलं. तेही सोन्याच्या वर्खाला नाही हो, चाकाच्या लोखंडी धावेला. वडील लावायचे तिथेच.

"मोठे साहेब यायच्या आत पुसून टाक," डोरथी हळूच म्हणाली. बाई मनाने चांगली. तिने स्वतःचा रुमाल पुढे केला. "मी काही पाहिलं नाही. नाहीतर आजच तुझी नोकरी जाईल."

एकनाथराव रुमाल घेऊन वाकले. नोकरीचं एवढं काही नव्हतं, मुलगा भक्कम होता. पण ही बग्गी पुन्हा कुठली मिळायला! हात चाकापर्यंत गेला आणि तिथेच अडला. सणाच्या दिवशी आपणच लावलेलं कुंकू आपल्याच हाताने पुसायचं? छे! मेलो तरी नाही.

"मॅडम, आय कॅनॉट," त्यांनी रुमाल परत दिला. "मी गेल्यावर तुम्ही पुसा. माझ्यादेखत नको."

डोरथीने परोपरीने समजावलं. शेवटी तिचेच डोळे भरून आले. बिल्ला तिच्या हातात ठेवून एकनाथराव निघाले. मागे वळून पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

कोपऱ्यावरच्या पब्लिक फोनवरून त्यांनी घरी कळवलं, तशी विनीता कार घेऊन आली.

"बाबा, इतक्या लवकर? बरं वाटत नाहीये का? की सुट्टी दिली?"

"सुट्टीच गं. खंडेनवमीला आमच्याकडे बग्ग्या जुंपत नसत."

विनीता हसली, किल्ली फिरवायला लागली.

"थांब जरा," ते म्हणाले. युनिफॉर्मची टोपी डोक्यावरच राहिली होती. ती काढून त्यांनी मांडीवर ठेवली.

"हं. चल आता."