काजळीच्या कातड्यावरचं रिंगण

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. कळस गावात म्हस्कूच्या ओसरीवर खुंटीला असतो. ढोल होण्याआधी माझं कातडं काजळी नावाच्या शेळीच्या अंगावर होतं. दुष्काळात चारा संपला, ती माळावर बसली आणि उठलीच नाही. म्हस्कूने लाकूड कोरलं, कातडं ताणलं, दोऱ्या आवळल्या. त्याची बायको शकुबाई शेजारी बसून बघत होती. ती रडली नाही. नुसती म्हणाली, "काजळे, जितेपनी कवा ऐकलं न्हाईस. आता तरी ऐक." तेव्हापासून मी ऐकतोच आहे.

गावात गाण्याचा एक खेळ होता. बिरोबाच्या जत्रेत देवळापुढच्या कट्ट्यावर व्हायचा आणि आसपासची दहा गावं गोळा व्हायची. गोष्ट साधी. पुरात कळप वाहून जातो, आणि धनगरीण नदीकाठाने हिंडत एकेका जनावराला नावाने हाक मारते. त्या गाण्यालाच 'हाक' म्हणत. त्यात सत्तावीस नावं. पहिलं काजळीचं. शकुबाई ते गायची तेव्हा मेंढवाड्यात बसलेली खरी मेंढरं उठून उभी राहायची.

हाक कुणी गायची हे गाव ठरवत नसे, मी ठरवायचो. मला आडवा ठेवत आणि कातड्यावर चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद, पसरत. गाणाऱ्याने वीतभर अंतरावर तोंड धरून हाक द्यायची. गळा खरा असेल तर भंडारा सरकत सरकत गोल रिंगण धरतो. नसेल तर नुसता उडतो. एका पुढाऱ्याच्या सुनेलाही मी नापास केलं आहे. गळा गोड होता तिचा. गोड गळा घेऊन मला काय करायचंय?

एक्क्याण्णव साली आमच्या खेळावर सिनेमा काढायला शहरातून सिनेमावाले आले. आठ दिवस शाळेत राहिले, गावाची पाच बोकडं खाल्ली, शकुबाईला यंत्रापुढे बसवून हाक भरून नेली. नंतर पत्र आलं, टेप खराब झाली, दुसरीकडून गाऊन घेतोय. शकुबाईने पत्राची घडी केली आणि चुलीत घातली. पुढच्या साली ती गेली. त्यानंतर दोन जत्रा खेळ झाला नाही, कारण माझ्यावर कुणाचंच रिंगण धरेना. तिची मुलगी सुकन्या तीनदा बसली. तिन्ही वेळा भंडारा नुसता उडाला.

चौऱ्याण्णवच्या जत्रेआधी तो सिनेमा इंदापूरला लागला. सरपंच आप्पासाहेब ओसरीवर येऊन बसले.

"म्हस्कूतात्या, आता खेळाचा नाद सोडा. जत्रंत व्हिडिओ लावू. खेळ त्योच, वर हिरोईन बघाया मिळतीया. दरसाल त्येच करू."

"दरसाल?"

"मग काय तर. गानारं हाय का कोन तुमच्याकडं?"

म्हस्कूने माझ्याकडे बघितलं. "ढोल त्या सिनेमाला पास म्हनला तर लावा व्हिडिओ. खेळ कायमचा बंद, माझं काय म्हननं न्हाय. नापास म्हनला तर खेळ व्हनार. कसाबी व्हनार."

मी नापासच म्हणणार याची त्याला खात्री होती. मलाही होती.

इंदापूरच्या एसटीत कंडक्टरने माझं अर्धं तिकीट मागितलं. "ह्यो बी पिक्चर बघाया निघालाय व्हय?"

"बघाया न्हाय," सुकन्या म्हणाली. "मार्क द्यायला."

दुपारी तीनचा खेळ. पुढच्या बाकावर म्हस्कूच्या मांडीवर मी आडवा. सुकन्याने भंडारा पसरला, आप्पासाहेबांनी माझ्यावर बॅटरी धरली. सिनेमा कसा होता? घाण होता. धनगरणीला इस्त्रीचं लुगडं. पुरात उभी राहूनही केस कोरडे. मेंढरं साबणाने धुतल्यासारखी पांढरी, आणि मेंढका दिवसभर बासरी वाजवतोय. मेंढरामागे चालणाऱ्याला शिट्टी मारायला दम उरत नाही, हे त्या लोकांना कुणी सांगायचं? बोकडं खाताना त्यांनी विचारलं नाही. भोंगे एवढे मोठे की भंडारा मारामारीलाही उडत होता आणि साबणाच्या जाहिरातीलाही.

"नाचतोय की," आप्पासाहेब म्हणाले.

"नाचंना का. रिंगन कुठं हाय?"

मग हाकेची जागा आली. वाद्यं थांबली. नटीने ओठ उघडले. "काजळेऽ..."

आवाज शकुबाईचा होता.

टेप खराब झालीच नव्हती. दोन वर्षं मातीत असलेल्या बाईने मला नावाने हाक मारली, तीही दुसरीच्या तोंडातून. मी काय करणार होतो? भंडारा सरकला. पिवळं, पुरं रिंगण धरलं. मी खरं बोललो होतो, आणि तेवढ्यानेच तिचा खेळ बुडवला होता.

"धरलं," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

आणि लाईट गेली. पडदा काळा, पंखे बंद, भोंगे मुके. मागून शिट्ट्या झाल्या, पण पुढच्या रांगा गप्प होत्या, म्हणून मागच्याही गप्प झाल्या. बॅटरीच्या उजेडात रिंगण मोडलं नव्हतं. ते हलत होतं. एक झटका, मग थोडं थांबणं, मग दुसरा झटका.

म्हस्कूने तळवा माझ्या कडेला टेकवला. "सुकन्ये, तू गातीस का?"

"न्हाय आबा." ती बोटं मुडपत होती. "मी मोजतीया."

नावागणिक एक असे सत्तावीस झटके झाले तेव्हा लाईट आली. सिनेमा होता तिथून पुढे सुरू झाला. नटी ते एकच नाव घेऊन थांबली आणि नायकाच्या गळ्यात पडली. बाकीची सव्वीस जनावरं सिनेमावाल्यांनी कापून टाकली होती. माझ्यावरचं रिंगण विस्कटलं.

बाहेर आल्यावर आप्पासाहेबांनी घाम पुसला. "तात्या, काय बी म्हना, रिंगन तर धरलं."

"धरलं. मोडलं कवा?"

"लाईट आल्यावर."

"मग गावाला तेवढंच सांगा. सिनेमा बंद हुता तवर ढोल पास म्हनत हुता."

म्हस्कूने सहाच्या खेळाची दोन तिकिटं काढली, नुसती सुरुवातीची नावं वाचून घ्यायला. सुकन्याने सगळी वाचली.

"चा देनाऱ्याचंबी नाव हाय, आबा. आईचं न्हाय."

त्या जत्रेत व्हिडिओ लागला नाही. खेळ झाला. हाकेची जागा आली तेव्हा कुणी गायलं नाही. मला कट्ट्याच्या मधोमध आडवा ठेवला, भंडारा पसरला, आणि दहा गावं श्वास धरून बसली. सुकन्या शेजारी बसून बोटांवर मोजत होती. तेव्हापासून दरसाल असंच होतं.

मित्रांनो, जुना ढोल ओलीत ठेवू नका, उंदरांपासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी वेगळं सांगतो. ज्याचा गळा घ्याल, त्याचं नाव घ्या. तुम्ही घेतलं नाही तर घेणारे दुसरे असतात.

सत्तावीस झटके होतात. लोक धोतर झटकून, पोरं कडेवर घेऊन उठायला लागतात. तेवढ्यात कातडं आणखी एकदा हलतं. सुकन्याचं बोट तिथे अडतं, कारण हे नाव गाण्यात नाही.

ती अठ्ठाविसावी हाक शकुबाईला असते. ती मी मारतो.