वहीतली दोन मिनिटं

चिमणी आमच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. नाव दुसरंच आहे, पण अंगाने एवढीशी आणि बडबड दिवसभर, म्हणून सगळे चिमणी म्हणतात. गेले दोन महिने मात्र ती गप्प होती. त्याला कारण मी होतो, आणि हे फक्त मलाच माहीत होतं.

विषय डुकरांचा. उंच डोंगरावरची डुकरं विरळ हवेत मजेत हुंदडतात, सपाटीवरची तिथे नेली तर धापा टाकतात. जनुकं दोघांची जवळजवळ सारखीच. आमच्या मते फरक पडतो तो कुठलं जनुक जागं आणि कुठलं झोपलेलं, याचा. ते पाहायचं तर जनावर कापल्यावर दोन-तीन मिनिटांत फुप्फुसाचा तुकडा द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवावा लागतो. उशीर झाला की प्राणवायूविना पडलेल्या त्या तुकड्यात नेमकी आम्ही शोधतो तीच जनुकं खडबडून जागी होतात. नव्या पोरांना हे वीस वर्षं मीच शिकवतोय. मीच!

तीन वर्षांपूर्वी डोंगरावरचे नमुने आणायला मी एकटा गेलो. डुकरांचा गोठा चढावर, गाडी खाली. जड कॅन मागाहून आणू म्हणून गाडीतच ठेवला आणि वर पोचलो तर माझा जीव मेटाकुटीला आलेला. गोठ्याच्या मालकीण मावशी आणि त्यांची माणसं तयारच होती. त्यांनी सुरे चालवले. ‘थांबा’ म्हणायलाही माझ्यात श्वास उरला नव्हता.

मावशींना सगळं कळलं. “बसा तुम्ही दादा, डबा मी आणते. ही गेले नि ही आले.”

साठीची बाई, आणि मी तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. “छे छे, माझं रोजचंच काम आहे,” म्हणालो आणि निघालो. परत येताना चार वेळा बसलो. वर आलो तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती आणि सहा डुकरांची फुप्फुसं ताटात पडून होती. मावशींनी मला पाणी दिलं. मी वहीत लिहिलं, ‘वेळ: दोन मिनिटं’. सहा ओळींत सहा वेळा.

सपाटीवरचे नमुने जवळच्या कत्तलखान्यातले. ते खरोखरच दोन मिनिटांत गोठवलेले. त्यामुळे डोंगरी डुकरांची जनुकं केवढी तरी जागी दिसली. आमच्या प्रमुख बाई हरखल्या. सगळ्यांदेखत त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मी निर्लज्जासारखी ती थोपटून घेतली.

त्या निकालावर चिमणीचा प्रबंध उभा राहिला. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं होतं, “काका, नमुने उशिरा तर गोठवले नसतील ना?”

“नमुने मी स्वतः घेतलेत,” मी आवाज चढवला. पोरीने कान पकडले.

सोमवारी दुपारी ती बेसिनपाशी बाटल्या धूत होती. न वळताच म्हणाली, “काका, मी सोडतेय. उद्या बाईंना सांगणार.”

“का गं?”

“अकरा वेळा केला प्रयोग. कमी प्राणवायूत ठेवलं की डोंगरी काय नि सपाटीवरच्या काय, पेशी सारख्याच वागतात. फरक दिसतच नाही. माझ्या हातातच काहीतरी खोट आहे. तुमच्यासारखा हात हवा या कामाला.”

अजूनही गप्प बसता आलं असतं. तिने नोकरी शोधली असती, आणि मी नव्या पोरांना शिकवत राहिलो असतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

“दोन मिनिटं नव्हती ती,” मी म्हणालो. “पंचवीस होती.”

तिने नळ बंद केला. “कुठल्या डुकराची?”

“सहाच्या सहा डुकरांची.” मग सगळं सांगितलं. गाडी, चढ, मावशी, वही. माझी मान वर होत नव्हती.

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

“हो.”

“अकराही वेळा?”

“अकराही वेळा.”

ती स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. मी वाट पाहत उभा राहिलो. आता शिव्या देईल, तीन वर्षं परत मागेल, बाईंकडे फरफटत नेईल. ते सगळं ऐकून घ्यायची माझी तयारी होती.

तिने बाहीने डोळे पुसले, माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, “थँक्यू, काका.”