न तुटलेला दोरखंड

मी एक जुना दोरखंड आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली गोष्ट गोड आवाजात सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. पण घोडपदेवच्या एका चाळीत, जिन्याखाली, माझे उरलेसुरले तुकडे पडले आहेत आणि येणाराजाणारा तिथे थुंकतो. आत्ताच एकाने गुटख्याची पिचकारी मारली. ती माझ्या धाग्यांत मुरते आहे. तेव्हा आज माझ्याकडून गोड आवाज निघणार नाही. मला माणसांची किळस आली आहे, आणि ती का आली तेच मी सांगणार आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मनगटाएवढा जाड, आठ पदरांचा, पांढराशुभ्र असा मी यंत्रातून बाहेर पडलो, तेव्हा अंगावर एक डाग नव्हता. तो माझा शेवटचा स्वच्छ दिवस. तिथून मला मुंबई बंदरात आणले आणि बेटांच्या सहलीला जाणाऱ्या एका मोठ्या प्रवासी जहाजावर चढवले. जहाजाच्या पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर, माझी जागा होती. बंदर आले की माझ्या टोकाचा फास धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला अडकवायचा, दुसरीकडून विंचने, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, मला ताणायचे, आणि जहाज धक्क्याला धरून ठेवायचे, एवढेच माझे काम.

एवढ्या अवाढव्य जहाजाला वारा काय करणार, असे तुम्हाला वाटेल. गच्चीवर वाळत घातलेली चादर वारा कशी ओढतो, ते पाहिले आहे ना? आमचे जहाज म्हणजे दहा मजली चादर. जहाज जितके उंच, तितका वारा त्याला जास्त ढकलतो. मुंबईसारख्या बंदरात मदतीला टग असतात, म्हणजे जहाजाला रेटून जागेवर आणणाऱ्या दणकट बोटी. बेटावर काय असते? एक आखूड धक्का, थोडे खुंटे आणि एक शहाळेवाला. म्हणून वारा ठरावीक वेगापुढे गेला की बेटावर लागायचे नाही, सरळ पुढे निघायचे, असा नियम असतो. लहान मुलालाही कळेल असा नियम आहे, पण मोठ्यांना तो कळत नाही.

कॅप्टनने तसे जाहीर केले की वरच्या डेकवर जे सुरू होई, ते ऐकून माझ्या अंगावर काटा येई. लोक हुर्यो करत. खलाशांना शिव्या देत. एका बाईंनी रागाच्या भरात पावभाजीची अख्खी बशी कठड्यावरून खाली भिरकावली, ती माझ्यावर पडली आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत आंबत राहिली. बाळाचा घाण लंगोटही एकदा वरून आला. बंदरात उंदीर माझ्यावरून जहाजावर चढायला बघत. त्यांना अडवायला माझ्यावर पत्र्याची गोल तबकडी बसवत. माणसांसाठी अशी तबकडी कोणी का काढली नाही, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा आला.

एक रघु मात्र वेगळा होता. रघु हा आमच्या नाळेवरचा खलाशी. मला गोड्या पाण्याने धुणारा, हाताने चाचपून कुठे झिजलो ते बघणारा तो एकटाच. राहायला याच चाळीत. घराणे मूळचे मालवणकडचे. वडील तात्या तरुणपणी गिरणीत होते. गिरणी गेली, पण चाळीच्या गणेशोत्सव मंडळातला त्यांचा मान गेला नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मूर्तीभोवती कार्यकर्ते दोर धरून कडे करतात, ते तुम्ही पाहिले असेल. त्या दोराचे प्रमुख तात्या. मागून कितीही रेटा येवो, तळवे सोलून निघोत, दोर सोडायचा नाही, हा त्यांचा शिरस्ता. जो सोडेल त्याला तात्या पुन्हा दोराला हात लावू देत नसत. तो दोरही आमच्याच जातकुळीचा असे. जहाजावर एखादा दोरखंड बाद झाला की रघु परवानगी काढून त्याचा तुकडा घरी आणी, तात्या त्याचे पदर उलगडत, आणि तो पदर मिरवणुकीत जाई. हे मला रघुनेच सांगितले होते. तो मला धुताना बोलत असे.

मे महिना संपत आला होता. त्या फेरीला तात्या, त्यांची बायको जाईबाई आणि मंडळाची बरीच माणसे एकसारखे भगवे टी-शर्ट घालून सहलीला आली. पावसाआधीचा वारा सुटला होता. बेट दिसू लागले तेव्हा कॅप्टन अवधूत यांनी सांगितले, की आज धक्क्याला लागणे शक्य नाही. झाले! खुर्च्या आपटल्या गेल्या. जहाजावर पाहुण्यांची करमणूक बघणारा हेरंब नावाचा साहेब होता. अंगाला सदा अत्तराचा भपकारा. तो धावत कॅप्टनकडे गेला आणि परत येऊन माईकवर म्हणाला, "डोन्ट वरी मंडळी! थोडीशी हवा आहे, बस. कॅप्टनसाहेबांना आपण रिक्वेस्ट करू या. जोरात, आवाज आला पाहिजे!"

आणि सगळे डेक कॅप्टनच्या नावाने ओरडू लागले. कॅप्टन दोनदा नाही म्हणाले. तेवढ्यात वारा जरा पडल्यासारखा झाला आणि कंपनीच्या किनाऱ्यावरच्या ऑफिसातून, जहाज लावाच, असा फोन आला. तिसऱ्यांदा ते हो म्हणाले. थोडा वेळ थांबू, माणसे उतरतील, बेट बघून येतील. लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्यांनी तासापूर्वी त्यांना शिव्या घातल्या होत्या, तीच तोंडे आता जयजयकार करत होती.

आम्ही लागलो. माझा फास खुंट्यावर पडला. शिडी टेकली, माणसे उतरली, आणि उतरल्या उतरल्या पहिले काम म्हणजे वेफर्सच्या पिशव्या समुद्रात टाकणे. मंडळाची माणसे धक्क्यावरच फोटो काढत उभी होती. आणि मग वारा आला. तो बेटावरून आमच्याकडे येत होता, म्हणजे जहाजाला धक्क्यापासून लांब लोटत होता. जहाज बाजूला सरकू लागले. मी ताणला गेलो, आणखी ताणला गेलो, माझ्यातून करकर आवाज येऊ लागला. भोंगा वाजला. खलाशांनी शिडीवरच्या माणसांना उतरवले आणि ते ओरडू लागले, "दोरापासून लांब व्हा! लांब व्हा!"

मित्रांनो, ताणलेला जाड दोरखंड तुटतो तेव्हा तो गुपचूप खाली पडत नाही. त्याची टोके चाबकासारखी उलटी येतात आणि वाटेत माणूस असेल तर त्याचा पाय, कंबर, मान, जे सापडेल ते कापून काढतात. म्हणून अशा दोराजवळ कोणी थांबायचे नसते. धक्क्यावरचे बाकी सगळे मागे पळाले. तात्या मात्र पुढे आले.

समोर दोर ताणलेला, मागे गर्दी, आणि ओढ बसते आहे. इतकी वर्षे ज्या माणसाने एकच गोष्ट केली, त्याच्या हातांनी दुसरे काय केले असते? तात्यांनी मला दोन्ही हातांनी पकडले आणि हाक दिली, "धरा रे! दोर सोडूचो नाय!" सगळे भगवे टी-शर्ट धावले. खुंट्यापासून धक्क्याच्या कडेपर्यंत माझ्यावर हातच हात. "गणपती बाप्पा मोरया!" अशी आरोळी उठली. दहा मजली जहाज ही माणसे हातांनी ओढून धरायला निघाली होती! आणि आजूबाजूचे लोक काय करत होते? मोबाईल काढून चित्रण. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणाले, "क्या बात है, मुंबईचे मंडळ!" मरणाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसांना ही माणसे टाळ्या देत होती. त्या टाळ्यांची शिसारी माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

माझ्या आत एक पदर तुटला. मग दुसरा. घर्षणाने मी आतून वितळू लागलो, जळक्या प्लास्टिकचा वास सुटला. बाहेरून मात्र काही दिसत नव्हते. वर विंचपाशी रघु होता. त्याला वास आला. त्याने वाकून खाली पाहिले, तर माझ्यावर त्याचा बाप.

"तात्या, सोडा! तात्या, बाजूला व्हा!" तो घसा फाटेपर्यंत ओरडला. वाऱ्यात आणि मोरयाच्या गजरात कोणाला ऐकू जाणार? त्याच्या वॉकीटॉकीवर कॅप्टनचा आवाज आला, "दोर होल्ड कर! सोडू नको, जहाज फिरेल!"

"साहेब, दोराला माणसं आहेत!"

"होल्ड कर, रघु!"

रघुने विंचचा ब्रेक सोडला.

मी एकदम सैल झालो आणि धपकन खाली आलो. ओढ अचानक गेल्यामुळे मला रेटून धरलेली माणसे एकमेकांवर कोलमडली. माझ्याबरोबर खाली ओढले जाऊन तात्या तोंडावर आपटले. हनुवटी फुटली आणि कवळी निसटून सिमेंटवर घरंगळली. जहाजाचे नाक धक्क्यापासून बाहेर गेले, शिडी खरवडत समुद्रात पडली. मग कॅप्टननी बाकीचे दोरही सोडवून जहाज खोल पाण्यात नेले. बेटावर राहिलेल्यांना शाळेत मुक्काम करावा लागला. वारा उतरल्यावर त्यांना लहान बोटींनी आणले. कोणाचा जीव गेला नाही. मला वाटले, निदान आता तरी कोणी रघुचे आभार मानील.

आभार! हेरंब साहेबांनी माईकवर सांगितले, की एका कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे गैरसोय झाली. कॅप्टन मान खाली घालून गप्प राहिले. चौकशी होईपर्यंत रघुला घरी बसवले. आणि तो व्हिडिओ लालबाग-काळाचौकीच्या मोबाईलमोबाईलवर फिरला. त्यात वर ब्रेक सोडणारा रघु, खाली तोंडावर पडणारे तात्या, सिमेंटवरची कवळी, आणि मागे खदाखदा हसण्याचा आवाज. नाक्यावर पोरे तात्यांना बघून तोंडावर हात ठेवू लागली. "पोरानंच बापाला पाडला," असे लोक म्हणू लागले.

एवढी ओढ बसलेला दोर पुन्हा वापरायचा नसतो, म्हणून जहाजावर माझ्यावर खडूने बादची फुली मारली गेली. रघुने नेहमीप्रमाणे मंडळासाठी म्हणून मला मागून घेतले आणि हातगाडीवर घालून चाळीत आणले. तात्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. बापलेकांत बोलणेच बंद होते. एकदा जाईबाईंनी दोघांना समोरासमोर बसवले, तेव्हा रघु म्हणाला, "तात्या, तो तुटणार होता."

"तुटलो?"

"नाही, पण..."

"मग सोडलंस कित्याक?"

रघु उठून बाहेर गेला. मी तुटलो नाही, हेच तर त्याने केले होते. मी जिन्याखाली पडून ऐकत होतो. मला तोंड असते तर ओरडून सांगितले असते. पण मी पडलो दोरखंड. मी तुटलो असतो तर सगळ्यांनी रघुला देव मानले असते, अशी ही माणसे. रक्त दिसल्याशिवाय यांना धोका दिसत नाही. थू!

गणपती जवळ आले. दोर तर हवाच होता. दुसरा काही मिळेना, तेव्हा जाईबाईंच्या सांगण्यावरून तात्या नाखुशीने मला गॅलरीत घेऊन बसले आणि लोखंडी टोच्याने माझे पदर उलगडू लागले. पहिला पदर हाताला धड लागला. दुसरा उलगडताना मध्येच निम्मा हातात आला. तात्या थबकले. तिसरा अन् चौथा वितळून एकमेकांत थिजले होते, काचेसारखे कडक. पुढचे तीन तुटलेले, फक्त शेवटचा धड. तुटलेल्या टोकांवरून त्यांनी अंगठा फिरवला. इतके दोर त्यांनी उलगडले होते, त्यांना कोणी काही समजावून सांगण्याची गरज नव्हती. धड असे दोनच पदर निघाले. त्या दोन पदरांवर ते जहाज आणि ती सगळी माणसे होती.

"काय झाला?" जाईबाईंनी विचारले.

"ह्यो तुटलेलोच होतो गो."

"मग पोरगो दुसरा काय सांगत होतो तुमका?"

तात्या उठले. माझा वितळलेला गोळा त्यांनी उचलला आणि खाली मंडळाच्या खोलीत गेले. तिथे मिरवणुकीची बैठक चालली होती. त्यांनी मला सगळ्यांच्या मध्ये टेबलावर आपटले.

"यंदापासून दोराचो प्रमुख रघु."

कोणीतरी चाचरत म्हणाले, "तात्या, पण व्हिडिओत तर त्यानं..."

"व्हिडिओत मी उठान बसलंय, ता दिसला तुका?" तात्या म्हणाले. "त्येना दोर सोडलो म्हणान उठलंय." आणि सगळ्यांसमोर ते रडले. दाराशी रघु उभा होता. तो पुढे आला आणि बापाचा हात धरून त्याने त्यांना वर नेले. त्या दिवशी दोघे बऱ्याच काळाने एका पंगतीला जेवले.

मित्रांनो, इथे सगळे गोड झाले असे समजू नका. चौकशी संपली, रघुला कामावर घेतले नाही. हेरंब साहेबांना बढती मिळाली. जहाज पुन्हा त्याच बेटावर जाते, आणि वारा वाढला की डेकवर तोच आरडाओरडा होतो. तुम्ही कधी अशा सहलीला गेलात आणि कॅप्टन नाही म्हणाले, तर हात जोडून सांगतो, गप्प बसा, आणि आईबाबांनाही गप्प बसवा. बेट पुढच्या खेपेला दिसेल. ताणलेल्या दोराजवळ जाऊ नका. कोणी पडले तर आधी मोबाईल खिशात ठेवा. माझ्या जागी आता नवा दोरखंड आहे, पांढराशुभ्र. तो किती ओढ सोसेल, हे अजून त्यालाही माहीत नाही. आणि त्या विंचपाशी आता रघु नाही.