निळ्या फुल्या

शहरात फुटबॉलची मोठी स्पर्धा येणार म्हटल्यावर हमरस्त्याला रंग लागला, स्टेशनला काचा लागल्या आणि मामांच्या गल्लीला धुलाईघर मिळालं. पक्कं छप्पर, भल्यामोठ्या मशिनी आणि नळाला दिवसभर पाणी. इतकी वर्षं टँकरमागे बादल्या घेऊन पळणाऱ्या बायका आता नळ उगाच सोडून बघायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या.

अट एकच होती. संघांचे कपडे इथे धुवायचे आणि तक्रार येऊ द्यायची नाही. नीट पार पडलं तर धुलाईघर कायमचं गल्लीचं. नाहीतर काम आणि मशिनी, दोन्ही शहराबाहेरच्या कंपनीकडे.

मामा गल्लीतले सर्वात जुने धोबी. मामी गेल्याला वर्ष होत आलं होतं. कपडे कोणाचे ते कळावं म्हणून कॉलरच्या आतून दोऱ्याची बारीक खूण घालायचं काम मामींचं. त्यांच्यामागे ते मामांनी घेतलं. सुनेनं मागितलं तरी दिलं नाही. हातात सुई असली की मामी शेजारी बसल्यासारखं वाटायचं, आणि हे काही कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्या सामन्याच्या दिवशी सकाळी स्पर्धा समितीच्या मॅनेजरबाई आल्या. पाहुण्या संघाचे पांढरेशुभ्र शर्ट घड्या घालून तयार होते. बाईंनी सहज एक उलटून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. आत निळी फुली. दुसऱ्यात फुली. तिसऱ्यातही.

"हे कोणी केलं?"

मामांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला.

बाईंनी डोक्याला हात लावला. सामन्याआधी कपडे तपासतात, वरून घातलेला एक टाकासुद्धा चालत नाही, असं त्यांनी सांगितलं. दुपारी गाडी येणार होती.

"मामंजी, सगळ्या शर्टांना?" सुनेनं विचारलं.

"सगळ्या. मोज्यांनासुद्धा."

सून बोलत बसली नाही. तिनं गल्लीत जाऊन अशी हाक दिली की चुलीवरची भांडी उतरली. ज्याला जे सापडलं ते घेऊन माणसं आली. कोणी कात्री, कोणी टाचणी, कोणी भुवया कोरायचा चिमटा. समोरचा शिंपी येता येता कुरकुरत होता, की जन्मभर शिवत आलो आणि पहिल्यांदा मान मिळाला तो उसवण्याचा. बाईंनीही बाह्या दुमडून मांडी घातली. धाक असा, की दोरा ओढताना कापडाचा धागा निघाला तर मेलोच. तरी हात भराभर चालत होते आणि गप्पांना ऊत आला होता.

मामांचा हात मात्र पहिल्याच शर्टावर अडला. वाटलं, हे उसवलं की मामी उठून जाणार.

सुनेनं ते पाहिलं. ती शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "सासूबाई असत्या तर आधी तुमची चांगली हजेरी घेतली असती. मग स्वतःच बसल्या असत्या उसवायला."

मामांना हसू आलं. अगदी खरं होतं ते. मामींची बोलणी कानात घुमली, आणि त्या बोलण्यांच्या धाकानं मामा कामाला लागले. पुढचे शर्ट त्यांनी सगळ्यांच्या आधी संपवले.

गाडी आली, कपडे गेले. मग धुलाईघरातच टीव्ही लावून सगळी गल्ली सामना बघायला जमली. पण चेंडूकडे कोणाचं लक्ष? पांढरे शर्ट मैदानात उतरले तशी एकच आरोळी उठली. तपासणीतून सुटले! पाणी मारलेल्या मैदानावर खेळाडू घसरला की बायका "अगं आई गं" करायच्या, शर्टासाठी. तो संघ सपाटून हरला, तरी शिंपी टेबलावर चढून नाचला.

संध्याकाळी गाडी परत आली. चिखलानं आणि गवताच्या डागांनी बरबटलेला ढीग खाली पडला. एवढी घाण बघून इतकी माणसं कधी खूश झाली नसतील.

"तक्रार नाही," पुढच्या सीटवरून उतरत बाई म्हणाल्या. "उद्यापासून दुसऱ्या संघाचेही कपडे इथेच येतील. फक्त मामा, तुम्ही—"

"मी मशीन चालवतो," मामा म्हणाले, आणि ढिगातले शर्ट कवेत भरून आत गेले.