फळी पळत नाही

काटा जागचा हलला नाही, आणि हरिओमनं ते साऱ्या वर्कशॉपला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

जालन्याच्या आमच्या कॉलेजची गाडी स्पर्धेला जाणार होती. कमीत कमी पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त पळायचं, अशी स्पर्धा. गाडीच्या पोटाला सपाट पत्रा लावला की खालून वारा अडखळत नाही, हे माझं म्हणणं. पत्र्यानं नुसतं वजन वाढतं, हे हरिओमचं, आणि तो टीमचा कॅप्टन. भांडून भांडून पुढच्या अर्ध्या भागापुरता पत्रा मी पदरात पाडून घेतला होता. आता तोही जायची वेळ आली होती. गाडीचं हातभर लांबीचं मॉडेल करून मी ते प्लायवूडच्या बोगद्यात तारांनी टांगलं होतं, पुढून ताणकाटा बांधला होता आणि मोठ्या पंख्यानं वारा सोडला होता. वारा मॉडेलला किती मागं ओढतो, ते काटा सांगणार. पत्रा लावला, पत्रा काढला, काटा तिथंच.

"सत्यशीला, आता तर वाऱ्यानंच सांगितलं," हरिओम म्हणाला. "काढ तो पत्रा."

टीमवर लक्ष ठेवणाऱ्या आमच्या सरांनीही मान डोलावली.

माझं डोकं सणकलं. रडूही येत होतं, पण ते मी या लोकांसमोर मुळीच येऊ देणार नव्हते. मी बोगद्यात वाकून बघत बसले. मॉडेलखाली फळी होती, आणि ती आपली गुमान पडून होती.

"सर, रस्त्यावर गाडीखालून रस्ता मागं पळतो. इथं फळी पळत न्हाई. खालचा वारा तिला घासून मंदावून राह्यला. मंग पत्र्याला काम काय उरलं?"

"मंग पळव ना रस्ता," हरिओम म्हणाला. पोरं हसली.

"पळवते," मी म्हणाले.

माझे सांडूमामा परतूरच्या एका जिनिंगवर मशीन चालवतात. तिथला कापूस वाहून नेणारा रुंद रबरी पट्टा उन्हाळ्यात रिकामा असतो. सर म्हणाले, "जा, पण मापं हरिओम घेईल." मला तेच हवं होतं. निघताना मी पत्रा कापायची कात्री पिशवीत टाकली.

"पळत्या पट्ट्यावरही काटा हलला न्हाई, तर तुझ्यासमोर मीच पत्र्याचे तुकडे करते," मी हरिओमला सांगितलं.

मामांनी मोटरची पुली बदलून पट्टा वाऱ्याइतका पळवला. "माय, हा तुटला तर मालक मला ठेवत न्हाई," ते म्हणाले, आणि तरी बटन दाबलं. तळाची फळी काढून बोगदा आणि पंखा आम्ही पट्ट्यावर बसवला होता, आणि मॉडेल आत, चाकं टेकणार नाहीत इतपत वर, टांगलेलं होतं.

आधी पत्र्याशिवाय. हरिओमनं माप घेतलं. मग पत्रा लावून. मी पिशवीतून कात्री काढून हातात धरली. कॉलेजात इतकं बोलून बसले होते की आता तोंड लपवायलाही जागा नव्हती.

काटा उतरला. चांगला उतरला.

"पट्ट्याचा झटका असंल," हरिओम म्हणाला.

"पुन्हा घे."

या वेळी त्यानं पत्रा स्वतः काढला, स्वतः लावला. मी हात पाठीमागे बांधून लांब उभी राहिले. काटा पुन्हा उतरला. त्यानं आणखी एकदा करून बघितलं, तेव्हाही तेच. मामांनी हळूच पट्टा बंद केला.

हरिओमनं तिन्ही वेळची मापं वहीत लिहिली. "बराबर हाय तुझं," तो शेवटी म्हणाला. "सरांला सांगतो. जेवढा पत्रा हाय तेवढा राहू दे."

तेवढाच?

मी कात्री त्याच्या हातात ठेवली.

"मागची अर्धी बाजू उघडी हाय अजून. तिच्यासाठी पत्रा काप."