व्हर्लिनची राहिलेली दुरुस्ती

व्हर्लिनने जन्मात कधी कुणाची माफी मागितली नाही. बायकोशी वाजलं की तो घरातलं काहीतरी दुरुस्त करायचा. आमचा संसार कसा झाला ते दारांच्या बिजागऱ्यांना विचारा, असं आर्डिथ पाहुण्यांना सांगायची. त्यांच्या घरात एकही दार कुरकुरत नव्हतं.

मी त्याचा प्रयोगशाळेतला सहकारी, आणि तिथेही आम्हा दोघांचं काम तेच, दुरुस्तीचं. धुळीच्या कणाएवढ्या कुप्यांत चिकट द्रव भरायचा आणि त्या प्लॅस्टिकसारख्या घट्ट होणाऱ्या राळेत कालवायच्या. राळेला तडा गेला की कुप्या फुटतात, द्रव तड्यात उतरतो आणि तडा आपोआप सांधतो. अर्थात हे सिद्ध करायला आधी चांगली वस्तू फोडावी लागे, आणि त्यात आम्ही पारंगत होतो. उरलेल्या राळेतून व्हर्लिनने एक होडी बनवली. इलिनॉयच्या मक्याच्या शेतांत ती वल्हवणार कुठे, हे त्याला कुणी विचारलं नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी मक्याच्या पावात मीठ कमी पडलं, त्यावरून दोघांचं वाजलं. तो तणतणत अंगणातला बर्फ उपसायला गेला आणि फावड्यावरच कोसळला.

दफनानंतर काही दिवसांनी आर्डिथने मला बोलावलं. गॅरेजात होडीला हातभर तडा गेलेला, आणि तिच्या हातात हातोडा.

"मीच पाडला," ती म्हणाली. "त्या दिवसाची दुरुस्ती राहिलीय त्याची. सांधेल ना रे, एमेट?"

होडी फार जुनी आहे, कुप्यांतला द्रव एव्हाना सुकला असेल, असं मी तिला सांगितलं. वर थंडीही आहे म्हटलं. थंडीत तो वाहत नाही.

"तोही जुनाच होता. वेळ लावायचा, पण करायचा."

तिने व्हर्लिनची गोधडी आणून होडीवर पांघरली आणि शेजारी हीटर लावला. शेजाऱ्यांनी दुखवट्याला आणलेलं, ओव्हनमध्ये भाजलेलं बटाट्याचं कॅसरोल आम्ही तिथेच बसून खाल्लं. मीठ कमी होतं. मीठदाणी आणायला दोघंही उठलो नाही.

दोन दिवसांनी तिने मला पुन्हा बोलावलं. गोधडी एकटीने उचलायचा तिला धीर होईना. मी एक टोक धरलं.

तडा होता तसाच होता. तिने त्यावरून बोट फिरवलं. मी पुन्हा कुप्यांचं सांगायला लागलो, पण ती ऐकत नव्हती.

"अजून रागावलाय," ती म्हणाली, आणि गोधडी पुन्हा होडीवर पार वरपर्यंत ओढली.