उजवीकडे सरकलेलं भजनी मंडळ

नत्थुजी ही गोष्ट आता स्वतःच सांगतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत बसून सांगतात आणि स्वतःलाच असं झोडपतात, की ऐकणाऱ्याला टोमणा मारायला जागाच उरत नाही. पण ज्या आठवड्यात ती घडली, त्या आठवड्यात अमरावतीच्या त्यांच्या घरात कोणी हसत नव्हतं. लेकीनं पहिल्या पगारातून घेतलेला टीव्ही दुकानात परत पाठवायचा, असं नत्थुजींनी जाहीर करून टाकलं होतं.

कारण एकच होतं, त्यांचा कान. धामणगाव रेल्वे या गावातल्या एका जिनिंग फॅक्टरीत त्यांनी तीस वर्षं फिटरकी केली होती. सरकी आणि रुई वेगळी करणारी मशीन धडधडत असायची. नत्थुजी पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक तिच्या अंगाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून सांगायचे, "तिसरं बेअरिंग. परवा जाईन." बेअरिंग खरंच परवा जायचं. लोक त्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणू लागले, आणि नत्थुजींनी ते नाव इतक्या खुशीनं घेतलं की रिटायर झाल्यावरही खाली ठेवलं नाही. लग्नात बँडवाल्याचा क्लॅरिनेट बेसूर आहे, शेजाऱ्याच्या स्कूटरची चेन ढिली आहे, भाजीवालीच्या गाडीचं चाक आठ दिवसांचा सोबती आहे, असं सगळं ते न विचारता सांगत.

अशा माणसाच्या घरी गाणं ऐकायची सोयही तशीच. अकोल्याचा शेखर हा त्यांचा जुना दोस्त, रेडिओ दुरुस्त करणारा. त्यानं वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं एक अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडाचे दोन मोठे साउंडबॉक्स बनवून दिले होते. टीव्हीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक. नत्थुजींच्या गावच्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंगही शेखरनंच केलेलं, दोन माइक लावून. त्यात खंजिरी डावीकडून येते, पेटी उजवीकडून आणि गाणारा मधोमध. रोज संध्याकाळी नत्थुजी दिवाणावर बसून हे भजन लावायचे आणि पाहुण्याला बोटानं दाखवायचे, "हा पाय, इथं खंजिरी. थो तिथं पेटीवाला." जणू मंडळी पानसुपारी खाऊन समोरच बसलेली.

मधे होता तो जुना टीव्ही. गव्हाच्या कोठीएवढा, मागे हे भलं मोठं पोट. शोकेसच्या डाव्या खणाचं दार उघडावं म्हणून तो कायम उजवीकडे सरकवलेला आणि हातभर पुढे आलेला. हलवायचा तर दोन गडी लागत, म्हणून पंधरा वर्षांत कोणी हलवला नव्हता.

मार्चच्या शेवटी त्यांच्या लेकीनं, प्रणालीनं, तो हलवला. ती अकोल्याला नोकरीला लागली होती. पहिला पगार हाती आला आणि तिनं आईबापाला काही न सांगता नवा टीव्ही पाठवून दिला. पातळ, पाटीसारखा, भिंतीला चिकटणारा. जुना एक्स्चेंजमध्ये गेला. नत्थुजींनी पाच मिनिटं चित्र पाहिलं, खूश झाले, लेकीला फोन करून कौतुक केलं. मग भजन लावलं.

खंजिरी नव्हती.

म्हणजे होती, पण शेजारच्या घरात वाजावी तेवढी. पेटी मात्र अंगावर येत होती. मधोमध बसणारा गाणाराही उजवीकडे सरकला होता. सगळं भजनी मंडळ एका सतरंजीवर दाटीवाटीनं उजव्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं.

नत्थुजींनी दोन दिवस वायरी उपसल्या. अ‍ॅम्प्लिफायर उघडून फुंकर मारली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. दोष पातळपणाचा होता! जुन्या टीव्हीच्या पोटात आवाज घुमायचा, तिथून सारखा वाटला जायचा. नव्याला पोटच नाही तर आवाज घुमेल कुठे? त्यांनी माळ्यावरून एक मोठं खोकं काढलं, त्यात हिवाळ्याच्या चार गोधड्या कोंबल्या आणि जुना टीव्ही जिथं होता, नेमकं तिथं ठेवलं. भजन लावलं. खंजिरी डावीकडे, पेटी उजवीकडे, गाणारा मधोमध!

"वच्छला!" ते ओरडले. "पाय! मी सांगतलं होतं का नाही?"

त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, दारातून पाहिलं. अर्ध्या नव्या टीव्हीच्या पुढे गोधड्यांचं खोकं होतं. "हाओ," त्या म्हणाल्या. "आता बातम्या अर्ध्याच दिसतीन." आणि आत गेल्या.

नत्थुजींना मात्र पुरावा मिळाला होता. त्यांनी त्याच दुपारी प्रणालीला फोन लावला. "बेटा, दहा दिवसांत वापस घेतेत ना दुकानवाले? मंग घेऊन जा म्हणा. चित्र झकास आहे, पण आवाजाची माती केली त्यानं. माह्या कानाले नाही चालत."

पलीकडून प्रणाली म्हणाली, "ठीक आहे बाबा. रविवारी येतो मी." तिचा आवाज ओला होता. कानवाल्या मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. ही गोष्ट सांगताना नत्थुजी इथं थांबतात आणि म्हणतात, "बेअरिंगचं दुखणं आयकू येत होतं मले, पोरीचं नाही."

रविवारी प्रणाली आली ती शेखरला सोबत घेऊन. शेखरनं चपला काढल्या, खोक्याकडे पाहिलं, नत्थुजींकडे पाहिलं.

"भाऊ, गोधड्या कावून बसवल्या टीव्हीपुढे?"

नत्थुजींनी पोटाचा सिद्धांत सविस्तर समजावून सांगितला. शेखरनं तो पूर्ण ऐकून घेतला, मग खोकं उचलून बाजूला केलं. खोक्यामागून उजवा साउंडबॉक्स उघडा पडला. "हा लपला होता यामागं," तो म्हणाला. "जुन्या टीव्हीमागंही असाच लपला होता. मी तवाच म्हणतलं होतं, याचं तोंड मोकळं सोडा. आता लावा भजन."

मंडळ पुन्हा उजव्या कोपऱ्यात गेलं. शेखरनं दोन्ही बॉक्सच्या वायरींची अदलाबदल केली. आता खंजिरी उजवीकडून ठणठणीत वाजू लागली आणि पेटी गायब झाली.

"सापडलं!" नत्थुजींनी मांडीवर थाप मारली. "डावा बॉक्स गेला. टीव्ही बिचारा बेकसूर आहे."

"प्रणाली, तू बस तिथं," शेखर म्हणाला. प्रणाली बापाच्या जागी बसली. "तुले काय आयकू येते?"

"दोन्हीकडून सारखंच येऊन राहिलं, काका."

नत्थुजींना वाटलं, पोरीला कान नाही. आईवर गेली.

शेखरनं वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. मग अंगणातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून खोलीच्या मधोमध ठेवली, टीव्हीकडे पाठ करून. "बसा भाऊ. डोळे मिटा."

नत्थुजी बसले. भजन सुरू झालं आणि त्यांचा चेहरा उजळला. "आली! खंजिरी आली! कशी कडकडीत आली पाय! आता पेटी जराशी..." ते थांबले. पेटी जराशी नव्हती, जवळजवळ नव्हतीच. बॉक्स होते तिथंच होते, वायरी होत्या तशाच होत्या, टीव्ही भिंतीवर होता. फिरले होते ते फक्त नत्थुजी. त्यांनी डोळे उघडले नाहीत. डावा हात हळूच वर गेला आणि त्यांनी डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. बोटांना समजलं, कानाला नाही.

तीस वर्षं उजव्या हातात पाना असायचा. म्हणून पेचकसाची मूठ डाव्या हातात, डाव्या कानाला. ज्या कानानं नाव कमावलं, तोच मशीनीनं खाऊन टाकला होता.

"जुना टीव्ही तुमच्या चांगल्या कानाकडचा आवाज दाबत होता," शेखर हळू आवाजात म्हणाला. "दोन्हीकडून कमीच यायचं, म्हणून सारखं वाटायचं. नव्यानं काही केलं नाही, भाऊ. नवा फक्त आडवा येत नाही."

नत्थुजींना रडू येईल असं वाटलं आणि हसू आलं. चार गोधड्या कोंबून त्यांनी आपलं बहिरेपण खोक्यात जपून ठेवलं होतं, आणि वरून लेकीला तोंड वर करून पुरावा दिला होता. "प्रणाली," ते म्हणाले, "तुहा बाप गाढव आहे. टीव्ही कुठीच जात नाही. माफ कर बेटा." प्रणालीनं नाक पुसलं आणि "बाबा, तुमी पण ना," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. कप ठेवून नेहमीसारख्या दिवाणाच्या उजव्या टोकाला बसल्या. नत्थुजीही खुर्चीवरून उठून दिवाणावर आपल्या जागी येऊन बसले. एप्रिल लागला होता, आणि डाव्या हाताच्या खिडकीत कूलर कालच नवं गवत भरून सुरू केला होता. भजनासाठी तो बंद ठेवला होता. आता प्रणालीनं बटण दाबलं. थंड हवा नत्थुजींच्या अंगावर आली. पलीकडे वच्छलाबाईंनी पदरानं मान पुसली आणि घडी केलेल्या पेपरानं वारा घ्यायला लागल्या.

हे दृश्य नत्थुजींनी किती उन्हाळे पाहिलं होतं! आपल्याला कूलरजवळची जागा आणि बायको त्या टोकाला, घामाघूम. "तुले कूलरची हवा सोसत नाही, माह्या नशिबात आहे," असं ते चारचौघांत चिडवायचे. आज पहिल्यांदा त्यांनी नीट पाहिलं, की ती त्यांच्या उजव्या बाजूला बसते. जेवतानाही. रिक्षातही.

"वच्छला, तुले माहीत होतं?"

"काय थे?"

"माह्या कानाचं."

वच्छलाबाईंचा पेपर थांबला. "सात वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "त्या बाजूनं बोललं तर तुमी नुसतं हाओ हाओ करता. मंग इकडून बसाले लागलो."

"मंग सांगतलं कावून नाही?"

"गावभर कानवाले मिस्त्री म्हणून फिरता. मी काय सांगू?"

सात उन्हाळे. अमरावतीचे उन्हाळे, मे महिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसतो ते. नत्थुजींना आपली लाज वाटली, अगदी साधी, पोटातून आलेली लाज. ते उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"शेखर, ड्रिल आणली का?"

"पिशवीत आहे. कावून?"

"हा काढ आणि त्या समोरच्या भिंतीवर लाव. दिवाण इकडे फिरवू."

शेखरनं खोली डोळ्यांनी मोजली. "भाऊ, मंग एक बॉक्स कूलरच्या बुडाशी येते. कूलर चालू असला का भजन आयकूच येणार नाही. वीस वर्सांच्या मेहनतीची वाट लागते."

"लागू दे," नत्थुजी म्हणाले.

जुना टीव्ही असता तर दोन गडी शोधावे लागले असते. हा प्रणालीनं आणि नत्थुजींनी दोघांनीच उचलला. तासाभरात दिवाण फिरला, आणि कूलरची खिडकी नत्थुजींच्या उजव्या हाताला आली. वच्छलाबाई सवयीनं त्यांच्या उजवीकडे बसल्या आणि हवेचा झोत लागताच दचकल्या. मग त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला.

शेखरनं भजन लावलं. खंजिरी आली नाही, पेटी आली नाही, गाणारा कुठं गेला त्याचा पत्ता नाही. त्यांच्या चांगल्या कानात फक्त कूलर घरघरत होता. वच्छलाबाई काहीतरी बोलल्या. नत्थुजींनी जन्मात पहिल्यांदा कानामागे हात धरला.

"काय म्हणतलं? आयकू नाही आलं."

वच्छलाबाई कानाशी वाकल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "मस्त थंडगार लागून राहिलं, म्हणतलं!"